उसाच्या पैशांना 14 दिवसांची मुदत, वाईनच्या द्राक्षाला किती? : राज्य उत्पादन शुल्क मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
राज्य उत्पादन शुल्क विभाग,
मंत्रालय, मुंबई

विषय: वाईनरीच्या परवान्याचे नूतनीकरण करण्याआधी द्राक्ष उत्पादकांची थकबाकी तपासणेबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. दिंडोरी तालुक्यात माझी सात एकर बाग आहे. साडेचार एकरात खाण्याची द्राक्षं, थॉम्पसन. अडीच एकरात शेनिन ब्लां, वाईनची. ती एका वाईनरीशी करार करून लावली आहे. तसं बघितलं तर तुमच्या खात्याशी माझा काही संबंध नाही. मी वाईन बनवत नाही, विकत नाही, आणि आमच्या घरात तर वडील माळकरी. पण मी जो माल पिकवतो त्याला जगात एकच गिऱ्हाईक असतं, आणि त्या गिऱ्हाइकाचं दुकान तुमच्या परवान्यावर चालतं. म्हणून हे पत्र.

सुपरमार्केटबद्दल लिहायला बसलोय असं वाटून पत्र बाजूला ठेवू नका. जानेवारी 2022 मध्ये हजार चौरस फुटांच्या वरच्या दुकानांत वाईन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा टीव्हीवर दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचंच नाव घेतलं. एक म्हणे शेतकऱ्याचं भलं होणार, दुसरा म्हणे शेतकऱ्याच्या आडून महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय. निर्णय पुढे बारगळला. त्या सगळ्या गदारोळात आमचं बिल कधी मिळतं, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

आधी हा माल काय असतो ते सांगतो, कारण शहरातल्या माणसाला द्राक्ष म्हटलं की एकच द्राक्ष दिसतं. थॉम्पसनचा मणी आम्ही फुगवतो. जीएचं डिपिंग (म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकात घड बुडवायचा), विरळणी, पुन्हा डिपिंग. निर्यातीला 18 मिलिमीटरचा मणी काढायचा तर दहा-बारा बायका पंधरा दिवस कात्री घेऊन बागेत लागतात. शेनिनला यातलं काही नाही. मणी वाटाण्याहून थोडा मोठा, आत बी, घड इतका गच्च की मध्ये पाणी अडकलं तर आतून कुजतो. एकरी चार-पाच टनांवर माल घ्यायचा नाही, नाहीतर रस पातळ होतो आणि वाईनरीचा माणूस तोंड वाकडं करतो. रसातली साखर 22-23 ब्रिक्सला (ब्रिक्स हे साखरेचं माप) आली की तोड. बी तोंडात धरून चावायचं: हिरवं, चिवट लागलं तर थांबायचं, तपकिरी होऊन कडकन फुटलं तर निघायचं. ब्रिक्स मोजायला रिफ्रॅक्टोमीटर खिशात असतो, तरी आमच्याकडचा मुकादम अजून बीच चावून बघतो.

तोड फेब्रुवारीत, पहाटे चारला. पेठ-सुरगाण्याकडची माणसं डोक्याला बॅटरी बांधून ओळीत शिरतात. दहाच्या आत शेवटचा क्रेट वाईनरीच्या काट्यावर गेला पाहिजे, कारण उन्हात तापलेलं द्राक्ष क्रेटमध्येच आंबायला लागतं.

आता मुद्दा असा की, हे द्राक्ष काट्यावर नाकारलं, किंवा पैसे बुडाले, तर त्याचं करायचं काय? पिंपळगावच्या मार्केटमध्ये याला कुणी हात लावत नाही. बी आहे म्हणून बेदाणा होत नाही. ऊस निदान गुऱ्हाळाला जातो, अगदीच काही नाही तर बैलाला घालता येतो. शेनिन कुणाला घालणार? आणि स्वतः वाईन करावी म्हटलं तर दारूबंदी कायदा 1949 चा आहे. माझ्याच बागेतला रस मी माझ्याच पडवीत पिंपात ठेवला आणि तो आपसूक आंबला, तर गुन्हेगार मी. परवान्याशिवाय ते करू नये हे मला मान्य आहे, तक्रार नाही. पण सरकारने ज्या मालाची दुसरी सगळी दारं बंद ठेवली आहेत, त्याच्या एका उघड्या दाराकडे तरी सरकारने लक्ष ठेवावं की नाही?

मी हे एकदा भोगलंय. नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी फेसाळती वाईन केली ती 80 च्या दशकात. आमच्या जिल्ह्यात खरी लाट आली 2000 नंतर. 2001 मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं, विंचूरला आणि तिकडे पलूसला वाईन पार्क काढले. दर दोन महिन्यांनी कुणीतरी नवी वाईनरी काढत होता. मीही अडीच एकर शिराझ लावली, लाल वाईनची. तीन हंगाम पैसे व्यवस्थित मिळाले. मग 2008 ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि बाटल्यांचा खप बसला. टाक्या आदल्या वर्षीच्या वाईनने भरलेल्या असताना आमची द्राक्षं पिकली.

वाईनरीने माझी 11 टन शिराझ घेतली आणि पुढच्या तारखेचा चेक दिला. तो परत आला. दुसरा दिला, तोही आला. वकील म्हणाले चेक न वटल्याचं कलम 138 लावू. लावलं. नाशिकच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या, आणि तोवर बँकेने वाईनरीला सील ठोकलं. मी गेटबाहेर उभा राहून बघत होतो: आत स्टीलच्या टाकीत माझीच शिराझ, आणि टाकीच्या नळाला बँकेची लाख. वाईन तारण होती, द्राक्ष पिकवणारा तारण नव्हता. त्या उन्हाळ्यात जेसीबी बोलावून बाग काढली. असे मी एकटा नव्हतो, आमच्या पट्ट्यात कितीतरी बागा तेव्हा उपटल्या गेल्या.

मग परत का लावली, असं तुम्ही विचाराल. बायकोनेही विचारलं. खाण्याच्या द्राक्षाचं मजूर आणि औषधांचं गणित जमेना, अवकाळी दर वर्षी ठरल्यासारखा यायला लागला, आणि व्यापारी पळून जातात ते वेगळंच. वाईनरीचा करार निदान कागदावर दर सांगतो. आताची वाईनरी पैसे देते. उशिरा देते, पण देते.

उशिरा का देते हे समजून घ्यायला मी मुद्दाम आत जाऊन सगळं बघितलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पांढऱ्या वाईनचं द्राक्ष आलं की थंड करतात, मग प्रेसमध्ये जातं. मोठं आडवं पिंप, आत हवेने फुगणारी पिशवी. ती द्राक्षाला भिंतीवर हळू दाबते, आपण उशी दाबावी तसं. जोरात दाबलं तर बी फुटून कडूपणा उतरतो. रस स्टीलच्या टाकीत, टाकीभोवती थंड पाण्याचं आवरण, 14-15 अंशांवर दोन-तीन आठवडे. कान लावला तर आत बारीक बुडबुडे ऐकू येतात. लाल वाईनचं उलटं: काळ्या द्राक्षाचा रस मुळात पांढराच असतो, रंग सालीत. म्हणून साल-बीसकट आंबवतात. साल वर तरंगून जाड थर होतो आणि तो वाळू नये म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा खालचा रस पंपाने वर आणून त्यावर सोडतात. मग काही माल ओकच्या 225 लिटरच्या पिंपात वर्षभर झोपतो. म्हणजे माझी शेनिन पावसाळ्यापर्यंत बाटलीत येते, पण शेजाऱ्याच्या कॅबर्नेचे, म्हणजे लाल वाईनच्या द्राक्षाचे, पैसे वाईनरीला सुटायला दोन वर्षं लागू शकतात. शिवाय डिसेंबर 2022 पासून ऑस्ट्रेलियाच्या वाईनवरची आयात ड्यूटी टप्प्याटप्प्याने उतरते आहे, तोही ताण आहे. हे सगळं मला कळतं. वाईनरीवाला काही साखर सम्राट नाही. पण ताण आला की तो सगळ्यात आधी कुणाचं बिल थांबवतो, तर आमचं. बाटलीवाला, बुचवाला, वीज कंपनी माल नाहीतर लाईन बंद करू शकतात. आमचा माल फेब्रुवारीतच देऊन झालेला असतो.

ज्या गोष्टीवर आपण जगतो तिची चव 52 व्या वर्षापर्यंत मला माहीत नव्हती. पुतण्या गंगापूरच्या बाजूला एका टेस्टिंग रूममध्ये कामाला आहे, तो घेऊन गेला. शनिवार होता, मुंबई-पुण्याच्या गाड्यांना जागा नव्हती. एकेका ग्लासात दोन-दोन घोट, पाच वाईनी. सोव्हिन्यॉं ब्लां नाकाशी नेल्यावर पुतण्या पाहुण्यांना सांगत होता, पेरू शोधा, ढोबळी मिरची शोधा. मला तर त्यात सरळ नुकत्या कापलेल्या घासाच्या ओझ्याचा वास आला. एक बाई विचारत होत्या, अजून पायाने तुडवतात का हो? पुतण्याने हसून नाही म्हटलं. लाल वाईन मला झेपली नाही, जीभ सुकते. शेनिन मात्र जमली. गार, जराशी गोडसर, आणि सोबत मिसळ. तिखटावर ती जशी उतरते तशी बिअर उतरत नाही, हे माझं मत आहे, पुतण्याचं नाही.

एक बाटली घरी आणली. वडिलांनी ग्लास हातात घेतला नाही, पण वास घेतला. म्हणाले, "आंबलंय, पण नासलेलं नाही." मग विचारलं, "ह्याचं बिल आलं का?"

आणि ओघात एक, तुमच्या खात्याचंच म्हणून: नाशिकमधल्या वाईन शॉपच्या काचेत मे महिन्याच्या उन्हात उभ्या ठेवलेल्या बाटल्या कधी बघा. 14 अंशांवर सांभाळलेला रस 40 अंशांत शिजतो. लोक ती घेतात, आंबट-उकडलेली चव लागते, आणि ठरवतात की देशी वाईन वाईटच. "जितकी जुनी तितकी चांगली" म्हणून कपाटावर जपून ठेवणारेही आहेत. शेनिन वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते, भावंडांत वाटून घ्यायची इस्टेट नव्हे.

आता मागणी. आमच्या तालुक्यात कादवाचा कारखाना आहे, त्यामुळे उसाची भाषा मला परकी नाही. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे, नाहीतर 15 टक्के व्याज. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, थकवली तर साखर आयुक्त गाळप परवाना अडवतात, आरआरसी म्हणजे महसुली वसुलीचा आदेश काढतात, जिल्हाधिकारी वसुलीला लागतात. तरी थकतेच, हे मलाही माहीत आहे. पण थकली तर दाद मागायला दार आहे. वाईनच्या द्राक्षाला एफआरपी नको, दर आमचे आम्ही करारात ठरवू. फक्त ते परवान्याचं दार आम्हाला द्या.

वाईनरीचा परवाना दर वर्षी 31 मार्चला संपतो. नूतनीकरणाच्या अर्जासोबत एक तक्ता मागवा: आदल्या हंगामात कुणाकडून किती टन द्राक्ष घेतलं, कोणत्या दराने, पैसे कोणत्या तारखेला बँकेत जमा केले. त्यात बाकी दिसली तर परवाना थांबवा. नवीन यंत्रणा लागत नाही. आत किती द्राक्ष आलं आणि किती लिटर वाईन झाली याच्या नोंदी वाईनरीला तुमच्या खात्यासाठी ठेवाव्याच लागतात, त्यात एक रकाना वाढेल. 14 दिवस मी मागत नाही, वर लिहिलेल्या कारणांसाठी. अर्धे पैसे वजन झाल्यापासून पंधरा दिवसांत, उरलेले अक्षय्य तृतीयेच्या आत. हीच तारीख का, तर तेव्हा एप्रिलची खरड छाटणी होऊन मजुरांचे पैसे द्यायचे असतात. आमच्या हवेत वेल झोपत नाही, त्याला वर्षातून दोनदा छाटावं लागतं, आणि पहिल्या छाटणीला हात आखडला तर पुढच्या वर्षीचा घड काडीत तयारच होत नाही.

हा दोन खाजगी माणसांमधला करार आहे, सरकार मध्ये कसं पडणार, असं तुमचे सचिव म्हणतील. सरकार मध्येच आहे, महोदय. बाटलीवर 20 टक्के व्हॅट लागतो आणि वाईन उद्योग प्रोत्साहन योजनेत त्या 20 पैकी 16 टक्के वाईनरीला परत मिळतात. 2024 च्या सुरुवातीला ही योजना आणखी पाच वर्षांसाठी चालू केली, आणि ती द्राक्ष उत्पादकाच्या नावाने चालू केली. तो परतावा उद्योग विभागाकडून जातो, तुमच्याकडून नाही, याची मला कल्पना आहे. पण ते तुमच्या शेजारच्याच मजल्यावर बसतात. तोच तक्ता त्यांच्या फाईललाही लावता येईल.

यंदाची तोड फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धरली आहे. तुम्ही किंवा तुमचे अधीक्षक यायचे असतील तर वाईन महोत्सवाला नको, पहाटेच्या तोडीला या, आणि मग त्या क्रेटमागे काट्यापर्यंत चला. चहा आमच्याकडे.

कळावे,
आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. दिंडोरी, जि. नाशिक

सोबत:
1) वजनकाट्याच्या पावत्या, फेब्रुवारी 2009 (झेरॉक्स)
2) न वटलेले दोन चेक, बँकेच्या मेमोसह (झेरॉक्स). मूळ प्रती अजून कोर्टात आहेत.