सर्व्हर बदलायच्या आधी एकदा टेबलाखाली बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नवीन मोबाईलची माहिती येते, कॅमेरा केवढा, बॅटरी किती वगैरे, मी पण वाचतो, तक्रार नाही. पण ज्या कॉम्प्युटरवर आमच्यासारख्यांचं पोट चालतं ते अडले तर काय बघायचं यावर कधी चार ओळी येत नाहीत, म्हणून म्हटलं आपणच लिहू.

माझा पुण्यात छोटा छापखाना आहे, डीटीपी आणि ऑफसेट, लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत येईल ते काम घेतो. आमचं नेटवर्क म्हणजे नुसती भेळ आहे. दोन विंडोज १०, एक नवं कोरं विंडोज ११, डिझायनर पोराचा मॅक, आणि कोपऱ्यात जुन्या विंडोज एक्सपीचं एक धूड, कारण जुन्या मराठी फॉन्टचं डोंगलवालं (कॉम्प्युटरला चावीसारखी डबी लावली तरच उघडणारं) सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं आणि गिऱ्हाइकांचं पंधरा-वीस वर्षांचं काम पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडलंय. फाइली सगळ्यांच्या एका नॅसवर, म्हणजे दोन हार्ड डिस्कचा डबा, त्यालाच आम्ही सर्व्हर म्हणतो.

गणपती झाले, अंकांची गडबड सुरू झाली आणि जो तो ओरडायला लागला, सर्व्हर स्लो आहे, सर्व्हर स्लो आहे. हार्डवेअरवाला आला, एकाच मशीनवर पाच मिनिटं क्लिक क्लिक केलं, चहा घेतला आणि म्हणाला काका सर्व्हर म्हातारा झालाय, बदलून टाका, ऐंशी हजारापर्यंत जाईल. मी चेकबुक काढायचंच बाकी होतं. तेवढ्यात रविवारी भाचा जेवायला आला, तो आयटीत आहे, त्याला सहज बोललो तर म्हणाला, "मामा, स्लो म्हणजे नेमकं काय? फोल्डर उघडताना अडतं आणि मग पळतं, का कॉपी होतानाच रडतं? आणि सगळ्यांचं का एकाचंच?" इतक्या दिवसांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला उत्तरही देता येईना.

मग त्याने एक जीबीची एकच मोठी फाइल घेतली आणि प्रत्येक मशीनवर कॉपी करून मोबाईलवर वेळ लावली. एका विंडोज १० वर दहा-बारा सेकंद. दुसऱ्यावर, जिथे आमच्या ऑपरेटर ताई बसतात, तिथे तीच फाइल दीड मिनिट! सर्व्हर तोच, डिस्क तीच, मग म्हातारा कोण? ताईंच्या मशीनवर नेटवर्क कार्डाचं स्टेटस उघडलं तर स्पीड १०० एमबीपीएस, बाकीच्यांना १ जीबीपीएस, म्हणजे दहापट. हे आकडे बिटचे असतात आणि फाइल मोजतात बाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट, म्हणजे १०० ला आठाने भागा, साडेबारा एमबी येतात, त्यातून नेटवर्कची हमाली वजा केली की सेकंदाला अकराच्या आसपास हातात उरतात. कॉपीच्या खिडकीत पण अकराच दिसत होते.

भाचा टेबलाखाली शिरला, केबल हाताने चाचपत चाचपत गेला ती थेट आर्ट पेपरच्या रॅकपर्यंत. रॅकचा पाय बरोबर केबलवर! कधीतरी सफाई करताना सरकवला असेल, केबल पापडासारखी चपटी. लॅनच्या केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात, १०० च्या स्पीडला त्यातल्या दोनच पुरतात पण गिगाबिटला, म्हणजे १ जीबीपीएसला, चारही धडधाकट लागतात, बाकीच्या दोनपैकी एखादी तुटली की कार्ड गुपचूप खालच्या गिअरवर येतं आणि लाईन चालूच राहते, म्हणून कोणाला संशयच येत नाही. बंद पडली असती तर त्याच दिवशी सापडली असती. नवीन केबल दोनशे रुपये.

फोल्डर उघडताना अडण्याचा आजार निराळाच निघाला. दोन मशीनवर झेड ड्राइव्ह होता, आम्ही कधीच भंगारात दिलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवणारा, त्याच्यावर लाल फुली, आणि "धिस पीसी" उघडलं की विंडोज आधी त्या मेलेल्याला हाका मारत बसायचं. तो काढून टाकला. शिवाय सर्व्हर नावाने उघडला तर वेळ लागायचा आणि आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा घर नंबर, टाकून उघडला तर चटकन, म्हणजे रस्ता मोकळा होता, पत्ता विचारण्यात वेळ जात होता. मशीनला डीएनएस, म्हणजे नावावरून नंबर सांगणारा, बाहेरचा दिलेला, त्याला आमच्या ऑफिसातल्या डब्याचं नाव कुठून माहीत असणार. ही परीक्षा कोणीही घरी करून बघावी, एक मिनिटाचं काम आहे.

मॅकवाल्याची तक्रार मात्र अर्धी खरी. तो वायफायवर बसलेला, त्याला केबल दिली, फरक पडला. पण त्याच्या एका फोल्डरमध्ये चार-पाच हजार बारीक बारीक चित्रं, ती कॉपी करायला वेळ लागणारच, कारण प्रत्येक फाइल उघड, परवानगी विचार, लिही, बंद कर, एवढ्या फेऱ्या होतात. बाइंडरकडे रिम बांधून पाठवलं तर एक खेप, एकेक कागद पोराच्या हाती पाठवला तर संध्याकाळ. आता तो झिप करून, म्हणजे सगळ्यांची एकच फाइल बांधून, पाठवतो.

आता एक्सपी. तो फक्त एसएमबी १ बोलतो, म्हणजे फाइल शेअरिंगची सगळ्यात जुनी बोली, आणि त्या एकासाठी कोणीतरी पूर्वी नॅसवर ती चालू करून ठेवलेली. मे २०१७ मध्ये ते वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस, आलं होतं, ब्रिटनमध्ये हॉस्पिटलांची कामं अडली, ते ह्याच एसएमबी १ च्या भोकातून पसरलं होतं, आणि मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा पॅच मार्चमध्येच दिलेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने नव्याने टाकलेल्या विंडोज १० मधून एसएमबी १ काढायला सुरुवात केली. तरी यूट्यूबवर शेअर केलेलं फोल्डर उघडत नाही म्हटलं की पहिला सल्ला हाच, एसएमबी १ चालू करा!

विंडोज ११ चं पण तसंच झालं. त्याच्यावर सर्व्हर उघडतच नव्हता, हार्डवेअरवाल्याने काहीतरी कमांड मारून उघडून दिला, आम्ही खूष. भाचा म्हणाला विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो विंडोज सही मागतं, म्हणजे प्रत्येक पाकिटावर एसएमबीचं साइनिंग, आणि आमचं शेअर केलेलं फोल्डर बिनपासवर्डचं, पाहुणा कोणीही या, पाहुण्याला सही येत नाही. त्याने कमांड परत फिरवली, नॅसवर प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड दिला. ताई दोन दिवस कुरकुरल्या, चालायचंच.

हार्डवेअरवाल्यावर माझा राग नाही, त्याला पण दिवसात दहा ठिकाणं करायची असतात, आणि कधीकधी डिस्क खरंच मरायला टेकलेली असते, सगळ्याच मशीनवर कॉपी रडत असेल तर आधी तिथेच बघावं. पण एक फाइल कॉपी करून न बघता ऐंशी हजार सांगणं हे काय बरोबर नाही.

एक गोष्ट राहिलीय. एक्सपी आम्ही नेटवर्कवरून काढला, नॅसवर एसएमबी १ बंद केलं, आता त्याच्या फाइली पेनड्राइव्हवरून ये-जा करतात आणि ते भयंकर कटकटीचं आहे. पेजमेकरमधला जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, आणायचा तर जोडाक्षरं आणि रफार हलतात, एक जुना अंक करून बघितला, प्रूफ वाचता वाचता डोळे गेले. ज्या छापखान्यांनी हे काम नीट पार पाडलंय त्यांनी कसं केलं ते तुमच्या याच सदरात लिहावं, आणि तुम्ही ते छापावं एवढी विनंती.

आपला,
एक छापखानेवाला, पुणे