उपाशीपोटी बोलावलेत, दुपारी परत पाठवलेत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सा. न. वि. वि.

मी इंदूरच्या रामबागेतली निवृत्त शिक्षिका. गेल्या मंगळवारी आमच्या यांना किडनीच्या डॉपलरसाठी, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीसाठी, सरकारी रुग्णालयात नेले. दीड महिन्यापूर्वी मिळालेली तारीख. पोटात वायू असला की किडनीच्या रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत, म्हणून रात्रीपासून उपाशी. आठला पोहोचलो, बारा वाजले तरी नंबर नाही. यांना 22 वर्षांची साखर, रात्री इन्शुलिन. बाकावरच दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, मला ओळखेनात. शेजारच्या बाईंनी साखर दिली, ती पाण्यात कालवून पाजली. सावध झाले, तर खिडकीतून उत्तर आले, "कुछ खा लिया ना? अब अगली तारीख लो."

महोदय, ही तपासणी हौसेची नाही. रक्तदाबाची नवी गोळी सुरू करताच यांचे क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक, एकदम चढले. किडनीची धमनी अरुंद झाली असली तर असे होते. डॉपलरमध्ये तिथल्या रक्ताचा वेग कळतो, आतल्या नसांचा अडथळाही आकड्यात मिळतो : साधारण 0.70 च्या आत हवा, 0.80 च्या वर गेला की काळजी. सुई नाही, किरण नाहीत, सीटी स्कॅनसाठी टोचतात ते किडनीला न सोसणारे औषध नाही. यंत्रही आहे. बघणारे डॉक्टर मात्र एकच, आणि त्यांच्यापुढे गरोदर बायकांची रांग. त्या बिचाऱ्यांचा काय दोष?

इतकी वर्षे आम्ही नुसते क्रिएटिनिन बघून निर्धास्त राहिलो. किडनीचे निम्मे काम थांबेपर्यंत ते फारसे वाढतच नाही, हे कुणी सांगितले नाही. लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन दर वर्षी बघायचे असते, तेही नाही. शिबिरे तेवढी झाली : बोटाला सुई, साखरेचा आकडा, फोटो. मोफत डायलिसिसची योजना 2016 पासून आहे, चांगलीच आहे. पण आठवड्यातून तीनदा चार-चार तास यंत्राला जोडले जाईपर्यंत सरकारला आमची आठवणच होऊ नये? देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत! स्वच्छतेत 2017 पासून सलग सात वर्षे पहिल्या आलेल्या या शहरात पहाटे रस्ते झाडणारी माणसे मिळतात, मग सोनोग्राफीला दुसरा डॉक्टर का मिळत नाही?

तो द्या. आणि इन्शुलिनवरच्या रुग्णाला सकाळचा पहिला नंबर द्या, त्याला तर पैसाही लागत नाही.

यांची पुढची तारीख सात आठवड्यांनी आहे. गोळी बंद आहे, रक्तदाब 170 च्या खाली येत नाही. बाहेर 3 हजार सांगतात. मी खासगी शाळेत शिकवले, पेन्शन नाही. लग्नातली चांदीची अत्तरदाणी घेऊन उद्या सराफ्यात जाते आहे.

आपली,
रामबागेतली एक नागरिक