ब्रेक ऑइल वेळेवर बदलण्याबाबत सूचना
सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, ज्यांच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतील ब्रेक ऑइल बदलून २ वर्षे झाली आहेत, त्यांनी ते पुढील डोंगराळ मोहिमेपूर्वी अवश्य बदलून घ्यावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रमाणित प्रकारासाठी ठरवलेला किमान २३० अंश सेल्सिअसचा उत्कलनबिंदू, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर, १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो आणि लांब उतारावर तापलेल्या कॅलिपरमध्ये (चाकाजवळील, ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागात) वाफ होऊन पेडल एकाएकी तळाला जाते. केवळ रंग पाहून ऑइल चांगले आहे असे समजू नये. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेला प्रकारच, तोही सीलबंद बाटलीतून, वापरावा. सिलिकॉनचे डॉट ५ त्यात कदापि मिसळू नये. पातळी उतरली असल्यास वरून ओतण्याआधी पॅडची झीज व गळती तपासावी.