ग्रामीण डाक सेवकांच्या पेन्शनबाबत केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावात दर नोव्हेंबरमध्ये निवृत्त शिक्षक आणि मुंबईत नोकरी करून परतलेले पेन्शनर यांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. कुणाच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही, कुणाला पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत सापडत नाही. अशांना सोबत घेऊन जाणारे, त्यांचे कागद आदल्या दिवशीच तपासून ठेवणारे गृहस्थ म्हणजे आमच्या शाखा डाकघरातून वयाच्या पासष्टाव्या वर्षी सेवामुक्त झालेले डाक सेवक. सगळे गाव त्यांना पोस्टमनकाका म्हणते. त्यांच्याकडे मात्र आजवर कोणी हयातीचा दाखला मागितलेला नाही, कारण चाळीसहून अधिक वर्षे टपाल वाटूनही त्यांना पेन्शन नाही.

ते खात्यात लागले तेव्हा या पदाला 'अतिरिक्त विभागीय' म्हणत. कोकणातली घरे तेव्हा चाकरमान्यांच्या मनीऑर्डरींवर चालत. १९८२ मध्ये मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरी आटत गेल्या, तेव्हा कोणत्या घरी काय परिस्थिती आहे हे सर्वांत आधी त्यांना कळे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायांचा अंगठा घेण्यापूर्वी ते फॉर्मवरचा मजकूर वाचून दाखवत आणि पैसे दोनदा मोजून हातात देत. पावसाळ्यात साकव पाण्याखाली गेला की पलीकडच्या वाडीचे टपाल लांबच्या वाटेने जाई, पण जाई.

खात्याच्या हिशेबी हे काम दिवसाला जास्तीत जास्त पाच तासांचे. शिवाय डाक सेवकाकडे उपजीविकेचे दुसरे साधन असले पाहिजे, अशी नियमातच अट आहे. काकांचे साधन म्हणजे थोडी भातशेती आणि आंब्याची मोजकी कलमे. ज्याने कोकणात शेती केली आहे त्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

महोदय, हा प्रश्न आजचा नाही. हे कर्मचारी नागरी पद, म्हणजे सरकारच्या अखत्यारीतले पद, धारण करतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये पी. के. राजम्मा प्रकरणात स्पष्ट केले. त्यानंतर डाक सेवकांच्या सेवाशर्ती तपासणारी न्यायमूर्ती तलवार समिती झाली, कमलेश चंद्र समिती झाली, २०१८ च्या संपानंतर मानधनात चांगली वाढही झाली, आणि ती मान्य न करणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु पेन्शनचे दार बंदच राहिले. पुढे खात्यात कायम झालेल्यांची डाक सेवक म्हणून झालेली आधीची सेवा नियमांत तरतूद नसल्यामुळे पेन्शनसाठी धरता येणार नाही, असे २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले. नियम करण्याचा अधिकार शासनाचा आहे, म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

२०११ पासूनच्या सेवामुक्ती लाभ योजनेत सरकार दरमहा काहीशे रुपये जमा करते. जे आज पंचविशीत रुजू होतात त्यांना त्यातून पुढे काहीतरी हाती येईल. ज्यांची बहुतेक सेवा त्याआधीच होऊन गेली होती, त्यांच्या खात्यात साठणार तरी किती? एकरकमी मिळालेले पैसे काकांच्या पत्नीच्या आजारपणात गेले. श्रावणबाळ योजनेसाठी गावातल्या कितीतरी वृद्धांचे अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने भरून दिले, पण एकवीस हजारांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेत त्यांचे स्वतःचे घर बसत नाही. मुलगा चिपळूणला नोकरी करतो, एवढे कारण त्याला पुरते.

आता पार्सल, बँक, विमा, आधार अशा सेवा देणारे जाळे म्हणून टपाल खात्याचा गौरव होतो आणि तो योग्यच आहे. देशातील दीड लाखाहून अधिक डाकघरांपैकी सुमारे नव्वद टक्के खेड्यांत आहेत आणि त्यातली बहुतेक डाक सेवकांच्याच जिवावर चालतात. गावकरी अनोळखी यंत्रावर बोट टेकवतो तो समोरच्या माणसाच्या ओळखीवर. ती ओळख ज्यांनी कमावून दिली, त्यांची गणना मात्र कशातच होत नाही.

आमची विनंती अशी की, किमान वीस वर्षे सेवा झालेल्या प्रत्येक ग्रामीण डाक सेवकाला महागाईशी जोडलेले किमान मासिक पेन्शन द्यावे, आणि त्यात आधीच सेवामुक्त झालेल्यांचा समावेश पहिल्या दिवसापासून असावा. पुढच्या भरतीपासून लागू होणारी योजना काकांच्या पिढीच्या उपयोगाची नाही. खर्चाचा अंदाज आपल्या खात्याकडे तयार असेल तर तो लोकसभेच्या पटलावर ठेवावा, नसेल तर तो काढण्यासाठी मुदत जाहीर करावी. आणखी एका समितीची मात्र गरज नाही.

आपला नम्र,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक ग्रामस्थ