काका, तुमच्या चपला अजून आमच्याकडेच आहेत

काका,

तुमच्या तेराव्याला काकूंना भेटले, पण बोलायचं होतं ते घशातच अडकलं. म्हणून लिहितेय.

मीटर बॉक्स पेटला त्याला आता दीड वर्ष होईल. वायरी उघड्या पडल्यात म्हणून त्याआधी दोन वर्षं आम्ही अर्ज देत होतो. 'पुढच्या मीटिंगला घेऊ,' एवढंच ऐकलं. जिन्यातल्या लाल पेटीत पाण्याचा पाइप नव्हता, झाडू होते! ज्यांनी ते तिथे ठेवले, ते आजही मीटिंगला पुढच्या खुर्चीत बसतात.

त्या रात्री सगळे 'खाली पळा' म्हणून ओरडत होते. मीही आईचा हात धरून कडी काढली होती. तेवढ्यात समोरच्या दारातून तुम्ही कडाडलात, "दार लाव! जिन्याचं आत्ता धुराडं झालंय. ओली चादर फटीत कोंब आणि खिडकीशी बसा." निवृत्तीला चौदा वर्षं झाली होती तुमच्या, पण आवाज ड्युटीवरचाच होता. त्या एका वाक्यामुळे आम्ही दोघी आहोत. बंब आले, जवानांनी उतरवलं, ते सगळं झालंच.

पण मला आठवतं ते वेगळंच. जिन्यात पाणी, काजळी, फुटलेल्या काचा. आई अनवाणी. तुम्ही एका पायरीवर गुडघा टेकलात, स्वतःच्या चपला काढून तिच्या पायांत घातल्यात, डाव्या चपलेचा पट्टा सैल होता तो ओढून बसवलात. "वहिनी, बोटं आवळून चाला." आणि स्वतः तसेच उतरलात, बहात्तराव्या वर्षी, काचांवरून. खाली पोरं मोबाइल वर धरून उभी होती.

बोटीवर आग लागली तर पळणार कुठे, चहूकडे पाणी, म्हणून नेव्हीत प्रत्येकाला आग विझवता यावीच लागते, हे तुम्हीच सांगितलं होतंत. स्वतःच्या मर्दुमकीचं मात्र कधी अवाक्षर नाही. वर्षातून दोनदा तेवढा इस्त्रीचा पांढरा शर्ट निघायचा. 4 डिसेंबरला, 1971 च्या कराचीवरच्या हल्ल्याची आठवण म्हणून, आणि 14 एप्रिलला. 1944 साली त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, त्यात मुंबई फायर ब्रिगेडची 66 माणसं गेली. "बोटही माझी, बंबही माझा," म्हणायचात आणि चहाचा कप बशीत पालथा घालायचात.

साधं सौजन्य म्हणतात ते हेच असावं, काका. समोरच्याच्या पायांकडे लक्ष जाणं. आम्हा बाकीच्यांचं जात नाही.

चपला परत द्यायला आले तेव्हा "असू दे, पुढच्या आगीला लागतील," म्हणून हसलात. आईने त्या धुऊन, पट्टा शिवून दाराशी ठेवल्यात. काकूंना नेऊन देऊ या, असं रोज म्हणते आणि रोज पुन्हा पुसून तिथेच ठेवते.