बंदुकीचा नंबर तपासता, तशी बंदूकही तपासा

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

मी माजी सैनिक. परभणी जिल्ह्यात एका बँकेच्या दारात बारा बोअरची पंप अ‍ॅक्शन बंदूक, म्हणजे नळीखालची मूठ (पंप) मागे-पुढे ओढून चालवायची बंदूक घेऊन उभा असतो. मराठवाड्यात माझ्यासारखे बरेच जण आहेत, कुणी बँकेत, कुणी कॅश व्हॅनवर. बंदूक बहुतेकांची स्वतःची.

यंदा पावसाळ्यात पाळी बदलताना बंदूक रिकामी करत होतो. पंप मागे ओढला, पुढे ढकलला आणि बार उडाला. बोट ट्रिगरवर नव्हतंच. नळी वाळूच्या बादलीत रोखलेली होती, म्हणून निभावलं. भिंतीपलीकडे पीककर्जाची रांग होती, त्यात बाया होत्या, लेकरं होती.

हे का होतं, ते सांगतो. पंप मागे आला की घोडा, म्हणजे बंदुकीच्या आतला हातोडा, चढतो, पुढे गेला की नवं काडतूस नळीत बसतं. चढलेला घोडा धरून ठेवणारा खटका झिजला, किंवा काडतुसाला ठोका देणारी फायरिंग पिन गंजून, सुकलेल्या तेलात चिकटून पुढेच अडकली, तर नळी मागून बंद करणारा बोल्ट बंद होतानाच काडतूस पेटू शकतं. सेफ्टी बहुतेक बंदुकांत फक्त ट्रिगर अडवते. त्यामुळे 'सेफ्टी लावलेली होती' याला इथे काही अर्थ राहत नाही. त्यात बऱ्याच पंप बंदुका रिकाम्या करायच्या म्हणजे एकेक काडतूस पंप मारूनच बाहेर काढावं लागतं. खरा धोका रोज त्याच वेळी असतो.

शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली. नूतनीकरणाला माझी चौकशी झाली, गुन्हे पाहिले, बंदुकीचा नंबर जुळवला. पंप कुणी एकदाही ओढून पाहिला नाही. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा होतात, तेव्हाही तेच. बीडमध्ये परवान्यांची छाननी झाली, अनेक रद्द झाले. योग्यच झालं. पण तीही माणसांची छाननी होती.

साहेब, बिघाड लपवला जातो, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. बंदूक दुरुस्तीला गेली की ड्युटी बंद, ड्युटी बंद की पगार बंद. घरी हप्ते असलेला माणूस अडकणारा पंप तेल टाकून तसाच चालवतो. त्याला दोष कसा देऊ?

म्हणून दर नूतनीकरणाला पोलीस मुख्यालयातल्या आर्मोररने, म्हणजे शस्त्रांच्या कारागिराने, दारू नसलेली डमी काडतुसं घालून बंदूक चालवून पाहावी, असा आदेश काढा. निवडणुकीनंतर परत देतानाही तसंच. प्रत्येक बँकेत वाळूचा पिंप सक्तीचा करा. आणि बंदूक नापास झाली म्हणून रक्षकाचा पगार कापला जाणार नाही, हे सुरक्षा एजन्सींना लेखी बजावा.

माझी बंदूक सध्या ठाण्यात जमा आहे. ती कुणी तपासायची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याचं लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

आपला,
एक माजी सैनिक, जि. परभणी