कांडी बदलते तिथे

सिल्वासा,
रविवार, रात्र.

तीर्थरूप आई आणि बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी बाबांनी फोनवर विचारले, "तू तिथे नेमके काय करतेस?" आणि मी नेहमीप्रमाणे "धाग्याच्या कारखान्यात प्रोसेस बघते" एवढे सांगून फोन आईकडे द्यायला सांगितले. ते उत्तर मला आठवडाभर सलत राहिले. भिवंडीच्या आपल्या मागांच्या शेडमध्ये ज्यांनी सगळे आयुष्य धाग्यामागे घालवले, त्यांना याहून नीट उत्तर मिळायला हवे होते. शिवाय गेल्या महिन्यात माझ्या हातून जे काम पुरे झाले, त्याचा आपल्या घरातल्या एका जुन्या प्रसंगाशी संबंध आहे. म्हणून हे पत्र सवडीने लिहायला बसले आहे.

तो प्रसंग तुम्हा दोघांनाही आठवत असेल. मी नववीत होते. आपण विणून दिलेले ग्रे, म्हणजे कोरे, कापड रंगून आले आणि त्यातले अकरा तागे व्यापाऱ्याने परत पाठवले, कारण गडद निळ्या रंगात दीड-दोन हात रुंदीचे फिकट पट्टे आडवे उमटले होते. बाबांनी मागाची दुरुस्ती काढली, फणी बदलली, बीमचा ताण पुन्हा लावला, आणि शेवटी दोष माग लावून देणाऱ्या जॉबरकाकांच्या हातावर आला. त्या दिवाळीनंतर काका आपल्याकडे कामाला आले नाहीत. त्याच वेळी आईने कापड ओट्यावर पसरून किनारीवरून बोट फिरवले होते आणि म्हटले होते, "पट्टा सुरू होतो तिथे कांडीचे टोक आहे, आणि संपतो तिथेही कांडीचेच टोक आहे." कांडी म्हणजे धोट्यात बसणारी, आडव्या धाग्याने भरलेली तीच. ते तेव्हा कोणी मनावर घेतले नाही, मीही नाही. आई, तुझे म्हणणे बरोबर होते. मागाचा दोष कांडी बदलायची वाट पाहत नाही. माग थांबवून पुन्हा सुरू केल्यावर पडणारी रेघ कुठेही पडते आणि चार-सहा आडव्या धाग्यांत विरून जाते. जो पट्टा कांडीबरोबर येतो आणि कांडीबरोबर जातो, तो धाग्यातूनच आलेला असतो. तो धाग्यात कसा येतो, हे आता मला रोज डोळ्यांसमोर दिसते.

तुम्ही आडव्याला वापरायचात तो ८०/३४ चा टेक्श्चराइज्ड धागा म्हणजे मुळात १२६ डेनियरचा (डेनियर हे धाग्याच्या जाडीचे माप) पीओवाय, म्हणजे अर्धवट ताणलेला धागा, जो पुढे ताणून आणि पीळ देऊन ८० डेनियरचा केला जातो. त्यातले ३४ म्हणजे आतले बारीक तंतू. पॉलिएस्टरचे दाणे सुकवून सुमारे २८५ ते २९० अंशांवर वितळवले की मधापेक्षाही कितीतरी घट्ट असा रस तयार होतो. दात्यांचा एक छोटा पंप हा रस मोजून पुढे ढकलतो, तो बारीक जाळ्यांतून गाळला जातो आणि पोलादाच्या एका जाड चकतीच्या ३४ भोकांतून खाली येतो. या चकतीला आम्ही स्पिनरेट म्हणतो. खाली येणाऱ्या तंतूंवर बाजूने थंड हवा सोडतात, मग तेल लावून ते एकत्र गुंडाळतात. गुंडाळण्याचा वेग मिनिटाला सुमारे ३,००० मीटर असतो, आणि भोकातून रस बाहेर पडतो तो मात्र मिनिटाला सुमारे २१ मीटरने. म्हणजे प्रत्येक तंतू हवेतल्या हवेत जवळजवळ दीडशे पट ताणला जातो. भोकाशी झालेली लहानशी चूकही त्या ताणात सगळीच्या सगळी धाग्यात उतरते.

आई, ही चकती म्हणजे तुझ्या सोऱ्यातली शेवेची चकतीच आहे. फरक इतकाच की शेवेची भोके थोडी लहानमोठी असली तरी शेव तळून निघते आणि कोणी तक्रार करत नाही. इथे भोकाचा व्यास ०.२५ मिलिमीटर असतो, आणि त्यातून वाहणारा रस व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे एखादे भोक शेजारच्यापेक्षा शेकडा १ ने मोठे असेल, तर त्यातून शेकडा ४ रस जास्त येतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. अशा दोनच मायक्रॉनांचा फरक पडला, तरी एक तंतू दुसऱ्याहून शेकडा ३ ने जड निघतो. मी हा हिशेब कॉलेजात परीक्षेपुरता शिकले होते. चकतीचा आराखडा स्वतः काढायला बसले, तेव्हा त्या चौथ्या घाताने मला अनेक रात्री झोपू दिले नाही.

बाबा, यातली एक गोष्ट खास तुमच्यासाठी लिहिते. नवीन माल आला की तुम्ही कोनवरून लडी काढून वजन करायचात आणि डेनियर बरोबर येतो म्हणून समाधानाने माल ठेवून घ्यायचात. ते वजन खरेच बरोबर असायचे, कारण एकूण वजन पंप ठरवतो आणि तो सहसा चुकत नाही. चकती फक्त त्या रसाचे ३४ वाटे करते. एखादे भोक कचऱ्याने अर्धे बुजले, तर पंप काही थांबत नाही. त्याच्या वाट्याचा रस उरलेल्या ३३ भोकांतून जातो. धागा तोलला तर १२६ च भरणार, पण आतला एक तंतू बारीक आणि बाकीचे किंचित जाड. जाड तंतू सावकाश थंड होतो, त्यातले रेणू सरळ ओढले जाण्याचे प्रमाण वेगळे राहते, आणि म्हणून तो रंगही वेगळा घेतो. बारीक तंतू तितकाच रंग पिऊनही डोळ्याला फिका दिसतो. कोऱ्या कापडात यातले काहीच दिसत नाही. दोन वेगळ्या पोझिशनवर, म्हणजे यंत्रावरच्या वेगवेगळ्या चकत्यांच्या जागी, कातलेल्या धाग्यांचे कोन एकाच पेटीत आले, आईने त्यांच्या कांड्या भरल्या आणि कापड गडद निळ्यात बुडाले, की पट्टा उमटतो. पट्ट्याचे खापर दर वेळी चकतीवरच फोडता येत नाही. थंड हवेचा झोत कमी-जास्त असणे, रसाचे तापमान एखाद्या पोझिशनवर दोन अंशांनी हलणे, पुढे टेक्श्चरायझिंगच्या हीटरमध्ये फरक पडणे, ही कारणेही तितकीच खरी आहेत. ही सगळी कारणे धाग्याच्या बाजूची आहेत. यातले एकही ना बाबांच्या मागात होते, ना काकांच्या हातात.

आता माझ्या कामाविषयी. आमच्याकडे १२६/७२ चा धागा काढायचे ठरले. वजन तेवढेच ठेवून तंतू दुपटीहून जास्त करायचे, म्हणजे कापड मऊ पडते आणि अंगाला रेशमासारखे लागते. चकतीवर ०.२५ ची आणखी भोके पाडली की काम झाले, असे वाटू शकते, पण तसे केल्यास प्रत्येक भोकातून निम्म्याहून कमी रस जाईल, बाहेर पडण्याचा वेग तितकाच घटेल आणि ताण दीडशे पटींवरून तीनशे पटींच्या वर जाईल. तंतू तुटत राहतील. त्यामुळे भोक लहान करावे लागले. मी ०.१८ मिलिमीटर धरले, आणि बाहेर पडण्याचा वेग मिनिटाला १९ मीटरपर्यंत आला, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतका. मात्र भोक लहान झाले की तोच दोन मायक्रॉनांचा फरक अधिक महाग पडतो. चकती बनवणाऱ्यांना मी व्यासाची जी मर्यादा लिहून दिली, ती पाहून त्यांनी दोनदा फोन केला. मी ती बदलली नाही.

भोक म्हणजे आरपार सरळ नळी नसते. वरच्या बाजूने रुंद विहीर, तिच्या तळाशी साठ अंशांचा निमुळता शंकू, आणि शंकूच्या टोकाला ती बारीक नळी, जिची लांबी आम्ही व्यासाच्या दुप्पट, ०.३६ मिलिमीटर ठेवली आहे. शंकू ठेवला नाही तर विहिरीच्या कोपऱ्यात रस अडकून राहतो, तिथेच शिजत राहतो, तपकिरी होतो, काळा पडतो आणि कधीतरी सुटून धाग्यात येतो. नळीच्या लांबीचेही कारण आहे. वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये लांब साखळ्यांचे रेणू असतात. शंकूत आवळले गेल्याची ओढ त्यांच्यात काही काळ टिकून राहते आणि बाहेर पडताच ते फुगतात, त्यामुळे तंतू भोकापेक्षा थोडा जाड होऊन मग खाली ओढला जातो. नळी पुरेशी लांब असली की ती ओढ आतच थोडी सैल होते. पण लांबी वाढवली की दाब वाढतो, आणि सगळ्या नळ्यांची लांबी सारखी राखणेही अवघड होते. हा मेळ बसवण्यात माझे तीन आठवडे गेले.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो भोके कुठे पाडायची हे ठरवायला, आणि खरे सांगते, मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडला. जुनी चकती गोल-गोल वर्तुळांची होती. आमच्याकडे थंड हवा एकाच बाजूने येते. ७२ भोके वर्तुळात मांडली की पुढच्या तंतूच्या आडोशाला मागचा तंतू उभा राहतो, त्याला गरम झालेली हवा मिळते आणि तो उशिरा घट्ट होतो. मी कागदावर ठिपके मांडून, हवेच्या बाजूला डोळा लावून पाहत असे की कोणता ठिपका कोणामागे लपतो. आई, तू अंगणात रांगोळीचे ठिपके मांडायचीस, त्यात एका ओळीचा ठिपका पुढच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये यायचा. शेवटी मांडणी तशीच बसली. हवेच्या दिशेने ओळी कमी, आडव्या दिशेने जास्त, आणि दोन भोकांत सहा-सात मिलिमीटर अंतर. कडेला मात्र भोके नेली नाहीत, कारण तिथे पोलाद मधल्या भागापेक्षा थोडे थंड राहते, थंड रस घट्ट होतो आणि त्या भोकांतून कमी येतो.

चकती तयार होऊन आली, तेव्हा ती मी सूक्ष्मदर्शकाखाली एका बैठकीत भोक न् भोक पाहिली. कडा कोरीव हवी. किंचितही गोलाई नको आणि धातूची बारीक कूस तर अजिबात नको, कारण कूस राहिली तर रस त्या बाजूला चिकटून वाकडा उतरतो. बहात्तरांपैकी एका भोकाच्या ओठावर मला केसाच्या जाडीच्या निम्मीही नसेल अशी एक कूस दिसली. ती चकती परत गेली. ज्या दिवशी दुसरी चढवली, त्या दिवशी मी पोझिशनखाली टॉर्च धरून उभी होते. बहात्तर तंतू काचेच्या रेघांसारखे सरळ उतरत होते आणि एकही गुडघ्यात वाकत नव्हता. त्या धाग्याचा तपासणीसाठी मोजा विणून गडद निळ्यात रंगवला आणि शेजारच्या पोझिशनच्या मोज्याशी जोडून खिडकीत धरला. जोड कुठे आहे ते मला बोटाने चाचपून शोधावे लागले. रंग निळाच घ्या, असे मी मुद्दाम सांगितले होते.

तरीही चकती नीट बनवून काम संपत नाही. भोकांभोवती हळूहळू पांढरट थर साचतो, म्हणून ठरावीक तासांनी कामगार शिडीवर चढून पितळी पट्टीने चकतीचे तोंड खरवडतात आणि सिलिकॉनचा फवारा मारतात. त्याला आम्ही वायपिंग म्हणतो. उकाड्यात, तीनशे अंशांजवळच्या पोलादाखाली मान वर करून हे करायचे असते. पट्टी पोलादाची घेतली किंवा हात घाईने मारला, तर भोकाच्या कडेला ओरखडा पडतो आणि सगळी कारागिरी वाया जाते. काही आठवड्यांनी चकती काढतात, निर्वात भट्टीत चारशे अंशांहून जास्त उष्णतेवर आतले पॉलिएस्टर जाळून टाकतात, ध्वनिलहरींच्या पाण्यात धुतात आणि पुन्हा प्रत्येक भोक तपासतात. या कामावर आमच्याकडे एक वयस्क गृहस्थ आहेत, भोकाकडे पाहूनच ते त्यातून येणारा तंतू कसा पडेल हे सांगतात. त्यांच्याशेजारी बसले की मला जॉबरकाकांची आठवण येते. तेही मागाचा नुसता आवाज ऐकून धोटा कुठे घासतो ते सांगायचे.

आई, तू मागे विचारले होतेस की काही साड्यांची चमक इतकी कशी असते. तो तीन पाकळ्यांच्या तंतूचा धागा असतो. चकलीला काटा यावा म्हणून चकती खोल चांदणीची लागते ना, तसेच इथेही आहे. भोक नुसते त्रिकोणी ठेवले तर वितळलेला रस आपल्या ओढीने गोल होऊ पाहतो आणि तंतू जवळजवळ गोलच निघतो. म्हणून एका मध्याला जुळलेल्या तीन अरुंद फटी कापाव्या लागतात. पुढच्या वर्षी तशी चकती काढायची माझी इच्छा आहे.

दिवाळीला येताना मी ३४ भोकांची एक जुनी चकती आणणार आहे. तिची कड झिजल्याने ती रद्द झाली आहे आणि घरी नेण्याची परवानगी मला मिळाली आहे. बाबा, तुमचे कापडातले धागे मोजायचे भिंग कपाटाच्या वरच्या खणात असेल, ते काढून ठेवा. चकती खिडकीच्या उजेडासमोर धरली की चौतीस ठिपके दिसतात, आणि भिंगातून पाहिले की कोणत्या भोकाची कड गेली आहे हे तुम्हाला मी न सांगताही ओळखता येईल. जॉबरकाका अजून जुन्या गल्लीतच राहतात असे आई म्हणाली होती. त्यांनाही फराळाला बोलवा. कांडीच्या टोकाविषयी आईने त्यांना स्वतः सांगावे, आणि मी त्यांना चकती दाखवेन.

बाबांची रक्तदाबाची गोळी चुकू देऊ नका. आईने गुडघ्याला तेल लावून घ्यावे.

तुमची,
धाकटी